चुळीच्या औषधाची मुदत

दातांच्या दवाखान्यातून रुग्णाच्या हाती पडणारी चिठ्ठी नीट वाचली, तर तिच्यात एक विसंगती सापडते. वेदनाशामक गोळीपुढे तीन दिवस लिहिलेलं असतं, प्रतिजैविकापुढे पाच दिवस. शेवटच्या ओळीत क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश असतं आणि त्यापुढे ‘दिवसातून दोनदा’ एवढंच. किती दिवस, ते पुष्कळदा लिहिलेलं नसतं. मग ते रुग्ण आपल्या सोयीनं ठरवतो. बाटली संपली की मेडिकलमधून दुसरी आणतो. चिठ्ठी कोणी मागत नाही. तोंड स्वच्छ वाटतं, वास येत नाही, हिरड्यांतून येणारं रक्त थांबलेलं असतं, मग बंद कशाला करायचं? हिरड्यांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या कोणालाही हे चांगलं ठाऊक आहे: औषध म्हणून घरात आलेली बाटली टूथपेस्टशेजारी मुक्काम ठोकते. आजवर याकडे निरुपद्रवी सवय म्हणून पाहिलं गेलं. पण तोंडातले जिवाणू आणि रक्तदाब यांच्या नात्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे संशोधन झालं, त्यानंतर तसं पाहता येत नाही. माझं म्हणणं असं, की जंतू मारणारं माउथवॉश हे औषध आहे. त्याला कारण हवं, मात्रा हवी आणि मुदतही हवी. ते रोजच्या स्वच्छतेचं साधन केलं, तर रोगाच्या जंतूंबरोबर शरीराला रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करणारी एक व्यवस्थाही आपण बंद पाडत असतो.

आधी क्लोरहेक्सिडीनचं श्रेय त्याला दिलं पाहिजे, कारण त्याची प्रतिष्ठा जाहिरातींतून आलेली नाही. १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूस इथे निरोगी हिरड्यांच्या काही जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर सूज उतरली. हिरड्यांच्या सुजेचं कारण दातांवर साचणारा जिवाणूंचा थर आहे, हे त्या साध्या प्रयोगानं पक्कं झालं. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, ल्यो आणि श्योट यांनी दाखवलं की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीननं दिवसातून दोनदा चूळ भरली, तर दात न घासताही तो थर जमत नाही. हा परिणाम इतर कुठल्या द्रावणाला साधला नव्हता. क्लोरहेक्सिडीनचा गुण असा, की ते थुंकल्यावर संपत नाही. दातांना आणि तोंडाच्या अस्तराला ते चिकटून राहतं आणि पुढे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं. दाढ काढल्यावर, हिरडीची शस्त्रक्रिया झाल्यावर, जबडा तारेनं बांधलेला असताना, म्हणजे ब्रश चालवता येत नाही अशा काळात, त्याला आजही तोड नाही. त्याचे दुष्परिणाम म्हणून आम्ही दंतवैद्य सांगतो ते दोन: दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव काही काळ बिघडते. दोन्ही तात्पुरते, म्हणून दोन्ही किरकोळ. या हिशेबात तिसरी नोंद आता करायला हवी, आणि ती तोंडाबाहेरची आहे.

ती समजण्यासाठी थोडं शरीरशास्त्र पाहावं लागतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात सतत तयार होत असतो. त्यानं वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, वाहिनी रुंद होते आणि दाब उतरतो. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी घराघरांत माहीत आहे; तीही शेवटी याच वायूच्या मार्गानं काम करते. हा वायू शरीर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतं. वय वाढतं, मधुमेह जडतो, तंबाखूचा धूर अस्तराला इजा करतो, तशी ही क्षमता घटत जाते. मात्र नायट्रिक ऑक्साइडकडे जाणारी दुसरी वाटही आहे आणि ती तोंडातून जाते. पालेभाज्या आणि बीट यांतलं नायट्रेट आतड्यातून रक्तात शिरतं. त्यातलं सुमारे एक चतुर्थांश लाळग्रंथी रक्तातून उचलून घेतात आणि लाळेत सोडतात, इतकं की लाळेत त्याचं प्रमाण रक्ताच्या दहा-वीस पट होतं. जिभेच्या मागच्या, खडबडीत भागातल्या खाचांमध्ये राहणारे व्हेलोनेला, अ‍ॅक्टिनोमायसीस, रोथिया, नायसेरिया वगैरे जिवाणू या नायट्रेटचं नायट्राइट करतात. हे काम माणसाच्या पेशींना जवळपास जमत नाही. ते जिवाणूंनीच करावं लागतं. लाळेबरोबर नायट्राइट पोटात जातं. जठरातल्या आम्लात त्यातल्या काहीचं नायट्रिक ऑक्साइड होतं, उरलेलं रक्तात मिसळतं आणि जिथे प्राणवायू कमी पडतो तिथे नायट्रिक ऑक्साइड होऊन वाहिनी उघडायला मदत करतं. भाजी, लाळ, जीभ, जठर आणि रक्त अशी ही साखळी आहे. त्यात जिभेवरच्या जिवाणूंच्या कडीला पर्याय नाही.

विज्ञानाला ही साखळी उमगायला वेळ लागला, कारण नायट्रेटकडे विसाव्या शतकात संशयानंच पाहिलं जाई. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळं निळी पडतात हे १९४५ साली अमेरिकेत नोंदलं गेलं. पुढे नायट्राइटपासून कर्करोगाला कारण ठरू शकणारी नायट्रोसमाइन्स बनतात हे कळल्यावर लाळेतलं नायट्राइट म्हणजे शरीरानं स्वतःवर ओढवून घेतलेलं संकट वाटू लागलं. १९९४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, ब्रिटनमध्ये बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी व स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लुंडबर्ग, वाइट्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी, माणसाच्या जठरात नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होत असल्याचं दाखवलं. त्याचा उगम लाळेतल्या नायट्राइटमध्ये होता. मग प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला: शरीर एवढी खटपट करून रक्तातलं नायट्रेट पुन्हा तोंडात आणतं, ते उगाच का? २००६ मध्ये कॅरोलिन्स्काच्याच गटानं निरोगी तरुणांना तीन दिवस भाज्यांतून मिळेल इतकंच नायट्रेट दिलं आणि त्यांचा खालचा रक्तदाब सरासरी ३.७ मिलिमीटरनं उतरला. २००८ मध्ये लंडनच्या विल्यम हार्वे संशोधन संस्थेत अमृता अहलुवालिया यांच्या गटानं अर्धा लिटर बीटाचा रस पाजून वरचा रक्तदाब सुमारे १० मिलिमीटरनं उतरलेला पाहिला. त्या अभ्यासातला सगळ्यांत बोलका भाग मात्र पुढचा होता. रस प्यायल्यावर काही तास लाळ न गिळता थुंकून टाकायला लावली, तर रक्तातलं नायट्राइट वाढलं नाही आणि रक्तदाबही उतरला नाही. रस तोच, माणसं तीच. फक्त लाळेचा रस्ता तोडला होता.

इथून माउथवॉशपर्यंत एकच पायरी उरते. २००८ मध्येच स्वीडिश गटानं सात निरोगी माणसांना नायट्रेट देण्याआधी जंतुनाशक चूळ भरायला लावली, तेव्हा लाळेत नायट्रेट भरपूर होतं, पण नायट्राइट झालंच नाही आणि रक्तातली त्याची वाढही जवळपास थांबली. पुढच्या वर्षी उंदरांमध्ये दिसलं की, नायट्रेटमुळे उतरणारा रक्तदाब क्लोरहेक्सिडीन वापरल्यावर उतरत नाही. २०१३ मध्ये लंडनमध्ये कपिल आणि सहकाऱ्यांनी १९ निरोगी माणसांना आठवडाभर दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनची चूळ भरायला दिली. या वेळी वेगळं नायट्रेट दिलं नव्हतं. रोजचं जेवण आणि रोजचीच लाळ होती. तोंडातली नायट्राइटची निर्मिती ९० टक्क्यांनी घटली, रक्तातलं नायट्राइट २५ टक्क्यांनी घटलं आणि रक्तदाब २ ते ३.५ मिलिमीटरनं चढला. हा बदल पहिल्याच दिवशी दिसला आणि आठवडाभर टिकला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून चालू असलेल्या १५ स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला; तीन दिवसांच्या जंतुनाशक चुळीनं त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी २.३ मिलिमीटरनं वाढला. २०१९ मध्ये व्यायामानंतरची स्थिती तपासली गेली. धावून झाल्यावर रक्तदाब काही काळ खाली राहतो, हा व्यायामाचा एक महत्त्वाचा फायदा आहे. क्लोरहेक्सिडीननं चूळ भरणाऱ्यांमध्ये तो फायदा पहिल्या तासात निम्म्याहून अधिक घटला आणि दोन तासांनी उरलाच नाही. हे प्रयोग वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या माणसांवर झाले. एक आधी सांगितलेल्या साखळीची सुरुवात तपासतो, दुसरा मधली कडी, तिसरा शेवट. नुसत्या आकड्यांपेक्षा त्यांची ही एकमेकांशी बसणारी रचना मला जास्त वजनदार वाटते.

यावर पहिला आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो रास्त आहे. सात माणसं, पंधरा माणसं, एकोणीस माणसं. तीन दिवस, सात दिवस. एवढ्यावरून वर्षानुवर्षांच्या सवयीबद्दल काय बोलणार? शिवाय सगळे निकाल एका बाजूला झुकत नाहीत. कॅरोलिन्स्कामध्येच निरोगी तरुण स्त्रियांवर झालेल्या एका नेटक्या अभ्यासात नायट्राइट घटलं, पण रक्तदाब हलला नाही. दीर्घकाळाचा अभ्यास म्हणून पोर्तो रिकोतल्या पाहणीचा दाखला दिला जातो. तिथे वजन जास्त असलेल्या ५४० जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि दिवसातून दोनदा किंवा अधिक वेळा माउथवॉश वापरणाऱ्यांत उच्च रक्तदाब जडण्याचं प्रमाण कमी वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे ८५ टक्क्यांनी जास्त आढळलं. पण ही पाहणी आहे, प्रयोग नाही. माउथवॉश कोण जास्त वापरतं? ज्याच्या हिरड्या आधीच बिघडल्या आहेत, जो सिगारेटचा वास लपवतो, ज्याचं तोंड मधुमेहानं कोरडं पडतं. आपल्याकडे गुटखा आणि मिसरी यांचीही त्यात भर पडेल. संशोधकांनी धूम्रपान, आहार, व्यायाम यांचा हिशेब धरला होता, तरी अशा पाहणीतून कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की बांधता येत नाही. म्हणून ‘माउथवॉशनं बीपीचा आजार होतो’ असं वाक्य मी लिहिणार नाही. पण आक्षेपाचा अर्थ नीट लावला पाहिजे. पुरावा अपुरा आहे तो नेमका कशाबद्दल? वर्षानुवर्षांच्या वापरानं झटका किंवा पक्षाघात वाढतो का, याबद्दल. जिवाणू मारले की नायट्राइट घटतं, याबद्दल तो अपुरा नाही. ते जवळजवळ प्रत्येक प्रयोगात घटलं आहे. आणि जिथे हानीची शक्यता यंत्रणेसकट समजली आहे, तिथे सिद्ध करण्याचं ओझं कारण नसताना औषध वापरणाऱ्यावर पडतं, थांबवायला सांगणाऱ्यावर नाही.

दुसरा आक्षेप आकाराचा. दोन-तीन मिलिमीटरनं काय होतं? घरच्या यंत्रावर एका हातात आणि दुसऱ्या हातात त्याहून जास्त फरक येतो. जिना चढून आलं तरी येतो. एका माणसाच्या एका दिवसापुरतं हे खरं आहे. पण रक्तदाबाचा धोका एका दिवसाच्या आकड्यात नसतो. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या सरासरीत असतो आणि तो लोकसंख्येच्या पातळीवर मोजला जातो. दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, मध्यम वयात वरचा रक्तदाब नेहमीच २ मिलिमीटरनं कमी असला, तर पक्षाघाताचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचे सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतात. मीठ कमी करा असं डॉक्टर सांगतात, तेही एवढ्याच काही मिलिमीटरांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रियांना आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आहे. दवाखान्यात रक्तदाबाचे रुग्ण हटकून विचारतात, ‘डॉक्टर, बीपी आहे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतील ना?’ चालतात, गुळणी थुंकून टाकली की पोटात जाणारं मीठ नगण्य असतं. पण त्याच रुग्णाला बाटलीतल्या रंगीत द्रावणाबद्दल हा प्रश्न पडत नाही, कारण तशी शंका घ्यायला त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच शाखेतून येतो आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पायोरिया झालेल्यांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. हिरड्यांतला दाह रक्तात उतरतो, वाहिन्यांच्या अस्तराला बाधतो. २०१९ मध्ये पोलंडमधल्या क्राकोव्ह इथे उच्च रक्तदाबाच्या १०१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात हिरड्यांच्या सखोल उपचारानंतर दोन महिन्यांत वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ११ मिलिमीटरनं कमी भरला. त्या उपचारात क्लोरहेक्सिडीनही वापरलं होतं. मग जंतू मारल्यानं रक्तदाब वाढतो की उतरतो? दोन्ही निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. पायोरियाचे जिवाणू हिरडीखालच्या खोल कप्प्यांत, प्राणवायू नसलेल्या जागी, किटणाच्या आधारानं राहतात. नायट्रेटवर काम करणारे बहुतेक जिभेवर राहतात. चूळ भरली की द्रव सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त पोचतो तो जिभेवर. हिरडीखालच्या चार-पाच मिलिमीटर खोल कप्प्यात तो जेमतेम शिरतो. म्हणजे ज्यांना हटवायचं ते बरेचसे वाचतात आणि ज्यांची गरज आहे ते मारले जातात. सतराव्या शतकात लेव्हनहुकनं दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की व्हिनेगरनं फक्त थराच्या बाहेरचे जीव मरतात, आतले जिवंत राहतात. क्राकोव्हच्या रुग्णांना फायदा झाला, कारण त्यांच्या मुळांवरचं किटण हातानं खरवडून काढलं होतं. क्लोरहेक्सिडीन त्या कामाला जोड म्हणून होतं. हीच त्याची योग्य जागा आहे. स्केलिंग टाळून वर्षभर चूळ भरत राहणारा रुग्ण दाह आतच ठेवतो, वरून नायट्राइटही घालवतो, आणि हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून आजार गेला असं समजतो.

तोंडातल्या जिवाणूंच्या वसाहतीचा तोलही इथे लक्षात घ्यावा लागतो. तोंडात सातशेहून अधिक प्रकारचे जिवाणू आढळले आहेत आणि ते एकमेकांना धरून असतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठात ३६ निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडीन दिल्यावर त्यांची लाळ अधिक आम्लधर्मी झाली, तिच्यातलं लॅक्टेट वाढलं आणि नायट्राइट घटलं. आम्लधर्मी लाळ दातांच्या कवचाला मारक असते. तेव्हा ‘जंतू जितके कमी तितकं तोंड निरोगी’ हे गृहीतक दातांच्या बाबतीतही पुरतं खरं नाही. शेतातलं तण मारायला फवारलेलं औषध पिकालाही पोळतं, आणि उघडी पडलेली जमीन पहिल्यांदा व्यापतं ते पुन्हा तणच. इथेही तोल झुकतो तो आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंकडे.

चौथा आक्षेप जुनाच आहे: नायट्रेट-नायट्राइट विषारी ना? मग त्यांची निर्मिती थांबली तर बरंच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पोटात गेलेल्या नायट्रेट-नायट्राइटला, नायट्रोसमाइन्स बनतील अशा परिस्थितीत, बहुधा कर्करोगकारक म्हटलं आहे हे खरं. पण ती परिस्थिती मुख्यतः खारवलेल्या, टिकवलेल्या मांसाची असते. तिथे नायट्राइट आणि अमाइन्स एकत्र येतात आणि त्यांना अडवणारं फारसं काही नसतं. पालेभाजीत नायट्रेटबरोबर क जीवनसत्त्व आणि वनस्पतींतली इतर द्रव्यं येतात. ती नायट्रोसमाइन्स बनू देत नाहीत. भाज्या भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग जास्त आढळत नाही, हे तर साधं निरीक्षण आहे. तान्ह्या बाळांच्या बाबतीत सावधगिरी हवीच, आणि खतांनी दूषित झालेल्या विहिरीचं पाणी कोणासाठीच चांगलं नाही. पण पालक, माठ, चाकवत, मुळ्याचा पाला, बीट यांना त्याच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं कारण नाही.

अडचण अशी, की दुकानातल्या फळीवर सगळी माउथवॉश एकाच रांगेत असतात आणि ग्राहकाला ती सारखीच वाटतात. ती सारखी नाहीत. अमेरिकेत २०१६ मध्ये काही निरोगी पुरुषांवर पाणी, लिस्टरीन, सेटिलपिरिडिनियम असलेलं माउथवॉश आणि क्लोरहेक्सिडीन या चारांची तुलना झाली. द्रावण जितकं प्रखर, तितकं नायट्राइट कमी. क्लोरहेक्सिडीनचा परिणाम सर्वाधिक आणि लिस्टरीनसारख्या सुगंधी तेलांच्या द्रावणाचा सगळ्यांत कमी. तेव्हा पुदिन्याच्या वासाची कुठलीही बाटली रक्तदाब वाढवते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण सौम्य द्रावणाला रोजची गरज कोणी बनवलं, हाही प्रश्न विचारायला हवा. लिस्टरीन १८७९ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेचं जंतुनाशक म्हणून जन्मलं. १९२० च्या दशकात तोंडाच्या वासाबद्दल लोकांच्या मनात लाज निर्माण करणाऱ्या जाहिरातींनी ते घरोघरी नेलं. पुढे सर्दी रोखण्याचा दावा इतका खोटा ठरला, की तो आपल्या जाहिरातींतूनच मागे घ्यायचा आदेश अमेरिकी सरकारी आयोगानं १९७५ मध्ये कंपनीला दिला. तोंडाच्या वासाचं मूळ बहुतेकदा जिभेवरच्या थरात, किडलेल्या दातात किंवा पायोरियात असतं. ते शोधायचं की झाकायचं, हा निर्णय जाहिरात आपल्या वतीनं घेऊन टाकते.

मग जीभ घासायची की नाही, असा प्रश्न इथे उभा राहतो, कारण उपयोगी जिवाणू तर तिथेच राहतात. जीभ साफ करण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सोनं, चांदी, तांबं अशा धातूंच्या जीभ खरवडण्याच्या साधनांचा उल्लेख आहे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये २०१९ साली २६ निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की जिभेवरची जिवाणूंची वस्ती जीभ किती वेळा साफ केली जाते त्यानुसार बदलते. आठवडाभराच्या क्लोरहेक्सिडीननं वरचा रक्तदाब तिथेही वाढला, आणि ते थांबवल्यावर नायट्रेट हाताळणारे जिवाणू परत वाढले. घासण्यात आणि जंतुनाशकात फरक हाच: जीभ खरवडण्याची पट्टी वरचा मेलेला थर काढते, खाचांतली वस्ती राहते आणि पुन्हा भरून येते, क्लोरहेक्सिडीन तासन्‌तास तिथेच ठाण मांडून बसतं. जीभ रोज हलक्या हातानं साफ करायला हरकत नाही. दात दोन वेळा ब्रशनं घासावेत, फटी साफ कराव्यात, जेवणानंतर साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी. निरोगी तोंडाला याहून जास्त लागत नाही, आणि यातल्या कशानंही साखळी तुटत नाही.

एखादं चांगलं औषध मुदतीशिवाय वापरात राहिलं की काय होतं, याचा धडा अतिदक्षता विभागांनी दिला आहे. कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांना न्यूमोनिया होऊ नये म्हणून त्यांचं तोंड क्लोरहेक्सिडीननं पुसण्याची पद्धत जगभर रुळली. मग २०१४ च्या एका विश्लेषणात फायद्याबद्दल शंका आली आणि मृत्यू वाढतात की काय असं सूचित झालं. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ८२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, क्लोरहेक्सिडीन मिळालेल्यांत मृत्यू जास्त दिसले. त्या नोंदीही कारण सिद्ध करत नाहीत. जास्त आजारी रुग्णांनाच ते जास्त दिलं गेलं असेल. पण त्यानंतर कॅनडातल्या अतिदक्षता विभागांत ते बंद करून नीट मौखिक निगा राखली गेली, तेव्हा मृत्यू वाढले नाहीत. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी दात घासण्याची शिफारस ठेवली आणि क्लोरहेक्सिडीन सर्वसाधारणपणे टाळायला सांगितलं. इतक्या आजारी माणसांच्या बाबतीतही ब्रश पुरत असेल, तर धडधाकट माणसाच्या बेसिनवर ती बाटली वर्षभर कशासाठी?

व्यवसायात याचा अर्थ मला सरळ दिसतो. क्लोरहेक्सिडीन लिहिताना कशासाठी आणि किती दिवस, हे दोन्ही लिहावं. शस्त्रक्रियेनंतर आठवडा, फार तर दोन आठवडे, त्यानंतर ब्रश. ज्याला जास्त काळ लागेल त्याची पुन्हा तपासणी व्हावी. अपंगत्वामुळे ब्रश करता न येणाऱ्यासारखे खरे अपवाद असतात आणि त्यांना ते नाकारू नये. रक्तदाबाच्या रुग्णाला ते देताना घरी रक्तदाब मोजायला सांगावं. उलट बाजूनं, गोळ्या नियमित घेऊनही ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही त्याला फिजिशियननं मीठ, झोप, वेदनाशामक यांबरोबर चुळीबद्दलही विचारावं. तो प्रश्न आज कोणाच्याच यादीत नाही, कारण तोंड आमच्या वाट्याला आणि धमन्या त्यांच्या वाट्याला गेल्या आहेत. रुग्णानं मात्र यातून एक चुकीचा अर्थ काढू नये: बाटली बंद केली म्हणून गोळी बंद करता येत नाही, आणि बीटाचा रस हे गोळीला उत्तर नाही. गोळीचा परिणाम कितीतरी मोठा आणि कितीतरी पक्का आहे. इथे वाचणार आहेत ते दोन-तीन मिलिमीटर. पण त्यासाठी काही विकत घ्यायचं नाही, काही गिळायचं नाही. ज्याची गरज संपली आहे ते थांबवायचं, एवढंच. उपचारांत इतक्या स्वस्तात मिळणारी गोष्ट क्वचितच असते.